हरिद्वारचा पोपटी स्वेटर

रावपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. २००३ सालचा जानेवारी. बाहेर बोचरी थंडी, आत लोक घामाघूम. मंचावर चित्रदर्शी महाराज, शेजारी कंप्युटर, आणि कंप्युटरलाही झेंडूचा हार! हरवलेल्या माणसाचा फोटो यंत्रात घालायचा. तीर्थक्षेत्रांतल्या लाखभर फोटोंतून यंत्र त्याला हुडकून पडद्यावर आणी. माणूस नेहमी पाठमोरा असे, एवढंच.

"बेन, आ मशीन नथी!" महाराज गरजले. "मशीन नव्हे, हा शंकराचा तिसरा डोळा! फोटोचा अर्थ वाचतो, आत्मा ओळखतो!"

पहिल्या रांगेत समा भागात राहणाऱ्या निरुपमाबाई हात जोडून बसल्या होत्या. त्यांचे यजमान पद्माकरराव, अलीकडे स्वतःचं नावही विसरणारे, नऊ दिवसांपूर्वी पहाटे घरातून निघाले ते निघालेच. चार दिवसांपूर्वी त्यांचा पोपटी स्वेटरातला फोटो यंत्रात घातला, तेव्हा याच पडद्यावर हरिद्वारच्या घाटावर तशाच पोपटी स्वेटरातली पाठ दिसली आणि बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पेढे वाटले. त्याच संध्याकाळी चौकीतून फोन: सरकारी दवाखान्यात अनोळखी रुग्णांचे फोटो आहेत, बघून जा. "काहीतरीच काय! माझा माणूस हरिद्वारला आहे," म्हणून त्यांनी रिसीव्हर आपटला. आज दुपारची गाडी होती. आशीर्वाद घेऊन निघायचं, बस्स.

त्यांची भाची मालविका कॉलेजात कंप्युटर शिकवायची. मावशीला स्टेशनवर सोडायला म्हणून आली आणि सरळ मंचावर चढली.

"महाराज, आमचेही एक हरवलेत," म्हणत तिने पालथा फोटो चेल्याच्या हाती दिला. रोजचंच काम, त्याने न बघता स्कॅनरच्या काचेवर ठेवला. पडद्यावर पुन्हा तोच घाट, तोच पोपटी स्वेटर.

"मळी गया!" महाराज ओरडले. "सापडला! जिवंत आहे! तुझी वाट बघतोय!"

"कोण, खुर्ची?" मालविकाने फोटो उचलून सगळ्यांना दाखवला. एक रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टाकलेला पोपटी स्वेटर. "काल मावशीच्या घरी काढलाय. यात माणूसच नाही!"

हॉलमध्ये हशा पिकला. "श्रद्धा नसेल तर..." महाराज पुटपुटले.

"श्रद्धेचा काय संबंध? आम्ही मुलांना शिकवतो हे. यंत्र फोटोचे चौकोन पाडतं, कुठे कोणता रंग किती ते मोजतं, आणि तसाच रंग असलेला दुसरा फोटो काढून देतं. पोपटी दिलं, पोपटी आलं. जांभळी साडी घाला, कुणाची तरी जांभळी आजी येईल! चेहरा त्याला कळत नाही. अर्थ तर त्याच्या बापालाही कळत नाही." मग ती खाली उतरून मावशीजवळ बसली. "मावशी, काका गेले तेव्हा अंगात काय होतं?"

निरुपमाबाईंनी जोडलेले हात खाली घेतले. "अर्ध्या बाह्यांचा सदरा. स्वेटर कपाटातच होता. मला माहीत होतं गं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं! पण तसं म्हटलं असतं तर ते दिसलेच नसते ना मला!"

गाडी राहिली. दोघी दवाखान्यात गेल्या. तिसऱ्याच फोटोत पद्माकरराव होते. बाजव्याच्या रस्त्यावर गारठून पडले होते, तिथून कुणीतरी त्यांना आणून सोडलं होतं.

"परवा गेले," नर्स हळूच म्हणाली. "मधून मधून शुद्धीवर यायचे. निरू, निरू करायचे. आम्हाला वाटलं, मुलीला हाक मारतायत."

बाईंनी असा हंबरडा फोडला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

महाराजांचं काय? पंधरा दिवसांत दुसऱ्या हॉलमध्ये दुकान थाटलं, रांगही लागली. लोक काय, आंधळे व्हायला तयारच! पण त्या रांगेपाशी रोज सकाळी निरुपमाबाई उभ्या राहू लागल्या. फोटो छातीशी धरलेली एक तरुण बाई दिसली, तशा तिचा हात धरून म्हणाल्या,

"पोरी, आधी चौकीत जा. दवाखान्यात जा. वाईट बातमी असली तरी कान उघडे ठेवून ऐक. इथे तुला हवं तेच दाखवतील, म्हणून तर आपण येतो. पोलिसांचा फोन आला तेव्हा आमचे हे जिवंत होते गं. आणखी दोन दिवस होते. इथून रिक्षाने पाव तासावर."