तांब्याची टिकली आणि पुण्याची बदली

मशीन मेलं असतं तर श्यामसुंदर दातारांचा फायदाच फायदा होता. एस्प्लनेडच्या कचेरीतला तो जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला, की कॉम्प्युटर विभागाला टाळं. आणि टाळं लागलं, की दातारांची बदली पुण्याला. पुण्यात आई, थोरला भाऊ आणि मासळीचा वास न येणारा जिना. त्यांच्या पत्नीच्या, वृंदाच्या, वाट्याला मात्र खडखडाट. ती भवानीपुरात जन्मलेली, तिथल्याच शाळेत गणित शिकवणारी. पुण्यात तिला काय मिळणार? सासूबाई.

अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात ते मशीन मरायला टेकलंही. एका बोर्डावरचा जळका ट्रान्झिस्टर काढताना दातारांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न अंमळ जास्तच टेकवलं, आणि ट्रान्झिस्टरचा पाय जिच्यावर डाख देऊन बसवायचा, ती तांब्याची टिकलीच पापुद्र्यासारखी उखडून आली. तसले बोर्ड आता कुणी बनवत नव्हतं.

"रविवारी घरी नेऊन बघा," साहेब म्हणाले. "नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावू."

दातारांनी चेहरा सुतकी केला. घरी येईपर्यंत तो टिकला हेच खूप.

"एवढीशी टिकली?" रविवारी सकाळी चहाच्या वेळी वृंदा बोर्डावर वाकली. "आणि तिच्यापायी अख्खं मशीन आडवं?"

"अगं, ती निघाली की संपलं. ब्रह्मदेव आला तरी बसवता यायची नाही."

"सेनगुप्तबाबू तर म्हणाले, येते."

सेनगुप्त म्हणजे कचेरीतले शेजारच्या टेबलावरचे. दातारांची बशी ओठांपाशीच थांबली. "तुला कुठे भेटला तो?"

"बाजारात. म्हणाले, दातारबाबू माणूस भला, हात तेवढा जड."

"जड?"

"मी नाही हो, ते म्हणाले. जाऊ दे. सामान बांधायला कधी घेऊ?"

पण दातार उठले होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं. उखडल्या जागेचा कोळसा खरवडला, स्पिरिटनं पुसला. तिथवर येणाऱ्या तांब्याच्या रेघेवरचं हिरवं वार्निश पात्यानं हळूच सोललं, तेव्हा खालून तांबं नव्या नवरीसारखं लाजलं. मग एका टाकाऊ बोर्डावरची धड टिकली, तिला चिकटलेल्या रेघेच्या शेपटीसकट, उचलली आणि दोन नळ्यांतला गोंद कालवून जागेवर बसवली. "जड म्हणे!" ते मधूनमधून पुटपुटत होते.

"आता हिच्यावर वजन हवं. लहानसं, सपाट बुडाचं."

वृंदानं देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा तांदळातून उचलली. लग्नात माहेराहून आणलेली, पितळेची, बोटभर उंच. "घ्या. हिचं बूड सपाट आहे."

"अगं, माहेरची अन्नपूर्णा!"

"माहेरचीच बरी. इथली आहे, इथलं काम करील."

तेलकट कागद मध्ये घालून अन्नपूर्णा टिकलीवर दिवसभर बसली. संध्याकाळी दातारांनी शेपटी रेघेला जोडली, नव्या ट्रान्झिस्टरचा पाय खोचला आणि डाख दिला. डाख असा लखलखला की त्यांनी वृंदाला दोनदा हाक मारून दाखवला. पुणं त्या घटकेला त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

सोमवारी मशीन सुरू झालं, आणि साहेबांनी दातारांचा हात धरला तो सोडेचनात. "असला माणूस मी पुण्याला जाऊ देईन? मी इथे आहे तोवर तुम्ही इथेच!"

दातारांना आता कुठे पुणं आठवलं. ते तडक सेनगुप्तांच्या टेबलापाशी गेले. "काय हो, माझा हात जड?"

"मी म्हणालो? कुणाला?" सेनगुप्त गोंधळले. "मी तर घरातला फ्यूजसुद्धा बदलत नाही! आणि संधिवातानं पंधरवडाभर बाजाराचं तोंड पाहिलेलं नाही."

घरी पुरणाचा वास दरवळत होता. अन्नपूर्णा तांदळात परतली होती, चिंच लावून लखलखीत.

"सेनगुप्त भेटले म्हणालीस?"

"मग दुसरे कुणी असतील. इथे सगळेच बाबू." वृंदानं पोळीवर तुपाची धार जरा सढळच धरली.

तर हिशेब असा: सेनगुप्तांनी फुकटचं नाव दिलं, अन्नपूर्णेनं एक दिवस तांदूळ सोडले, वृंदानं तूप घातलं. पुणं तेवढं एकट्या दातारांच्या खिशातून गेलं.