पालथी बशी

मी एक बशी बोलतेय. माझा कप कुठे आहे ते विचारू नका, तो केव्हाच फुटला. लोक कप-बशी असं एका दमात म्हणतात. नुसती बशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

एकोणनव्वद साली पंचशीलाच्या लग्नात तिच्या मामीने सहा कप-बशांचा खोका आहेर केला. पांढरं अंग, कडेला निळी वेल. त्या खोक्यातून आम्ही लातूरहून भाईंदरला नवघरच्या चाळीत आलो. पंचशीलाचा नवरा धम्मपाल इथे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारतो. ताटं-वाट्या आरशासारख्या करायच्या आणि काळेकुट्ट हात घेऊन घरी यायचं. कारखान्यातून काही ना काही यायचंच. घरात स्टील वाढत गेलं, आम्ही फुटत गेलो. शेवटी मी एकटी उरले.

"ही राहू दे बिडीला," धम्मपाल म्हणाला.

झालं. तेव्हापासून माझ्यात चहा पडला नाही, राख पडली. बिडी संपली की तो जळकं टोक माझ्या पोटावर दाबायचा. रोज एकाच जागी दाबून तिथे तपकिरी डाग पडला आणि डागातून एक बारीक चीर गेली.

पंचशीला म्हणायची, "अहो, माझ्या नावाची तरी लाज ठेवा. पाचवं शील काय सांगतं?"

"त्यात दारू आहे. बिडीचं नाव कुठंय, दाखव बघू."

ती सातवीपर्यंत शिकलेली. वंदना तोंडपाठ होती, पण वाद घालायला शब्द सापडायचे नाहीत. ती उठून खिडकी उघडायची.

मग चांदणी झाली. पोरगी गोरीगोमटी, पण छाती सारखी भरलेली. श्वास घेताना सूं-सूं आवाज यायचा. पंचशीला हातातलं काम टाकून तिच्या छातीला कान लावून बसायची. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण खोलीत धूर नको. आता एवढीशी खोली, त्यातच मोरी, त्यातच स्टोव्ह. धूर जाणार कुठे?

त्या संध्याकाळी धम्मपालने बिडीचं बंडल चुरगाळून गटारात टाकलं. "सोडली," म्हणाला.

पंचशीलाने मला चिंच लावून घासलं, मग पावडरने घासलं, मग पुन्हा चिंच. डाग काही गेला नाही. पण वास गेला असावा. मला तरी हलकं वाटलं.

खरी गंमत पुढे झाली. धम्मपालने मला बुद्धांच्या फोटोखालच्या फळीवर उभं करून ठेवलं, शाळेत बक्षीस मिळालेली ढाल ठेवतात तशी! कोणी आलं की मला खाली काढायचा. गावाकडचे श्रीपतीकाका आले तर पाणी द्यायच्या आधी मी त्यांच्या हातात.

"बघा काका, हात लावून बघा. राखेचा कण नाही! सोडली आपण."

काकांनी मला उलटसुलट केलं. "लगीन होऊन किती वर्षं झाली रं? पंचशीला घरात तवाच आली, पाचवं शील आत्ता आलं व्हय!"

धम्मपाल मोठ्याने हसला. पंचशीला हसली नाही. काका गेल्यावर तिने मला तांदळाच्या डब्यामागे लपवलं.

"सगळ्यांना कशाला दाखवता? दृष्ट लागते."

"बौद्धाच्या घरात दृष्ट? विहारात सांगू नकोस, हसतील."

ती तरी काय करणार! पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिने दुसऱ्याच महिन्यात साऱ्या चाळीला सांगितलं होतं. ते राहिलं नाही. तेव्हापासून चांगल्या गोष्टीचं नाव तोंडातून काढायला ती भ्यायची. चांदणीच्या वेळी तर पोट दिसायला लागलं तरी कोणी विचारलं की म्हणायची, "बघू."

आताही तसंच. घरमालकीण शांतीबाय ओट्यावर बसून मासळी साफ करायची. चाळीच्या जागेवर पूर्वी तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं. ती खिडकीतून हाक मारायची, "काय गो, तुझ्या घोवानं बिडी सोरली म्हनं? खरं हाय का न्हाय?"

पंचशीला म्हणायची, "बघू."

धम्मपाल ते ऐकायचा. मला डब्यामागून काढून परत फळीवर ठेवायचा, पण आता जरा आपटून. एकदा म्हणाला, "पोरीचं दूध हिच्यात गार कर की. आता काय झालंय तिला?"

पंचशीलाने मला नाकाशी नेलं, डागावर अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. "अजून नाही."

बिडीपेक्षा ते 'अजून नाही' मला जास्त पोळलं. त्यालाही पोळलं असणार. त्याला शाबासकी हवी होती, आणि ती फक्त तिचीच हवी होती. बाकी सगळ्यांची मिळून झाली होती.

मग एक दिवस तो दुपारीच घरी आला. हात न धुता फळीकडे गेला, मला उचललं आणि पालथं घातलं.

पंचशीला चांदणीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने ते बघितलं असणार.

"ओढली?"

"कारखान्यातली लाईट गेली. सगळे बाहेर बसलो. शेजारच्या मशीनवरच्या उत्तमने बंडल फिरवलं, हात आपोआप गेला. अर्धी ओढली न् टाकली." तो भिंतीला टेकून खाली बसल्याचं ऐकू आलं. "लागली तू म्हणायचीस ती दृष्ट. सगळं पाण्यात गेलं. आता उद्यापासून पुन्हा रोजचीच बिडी सुरू."

मी पालथी होते, मला फळीचं लाकूड तेवढं दिसत होतं. पण ऐकू येत होतं. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर भांडेल. दोघंही इतकी दमलेली होती की भांडायलाही बळ नव्हतं.

पंचशीला म्हणाली, "बोललं की जातं म्हणून मी गप्प बसले. न बोलूनही गेलंच की."

मांडीवरची चांदणी कुरकुरली, तिला थोपटत ती पुढे म्हणाली,

"मग आता बोलते, ऐका. तुमच्या सदऱ्याला वास येत नाही आता. चांदणी पूर्वी तुमच्याकडे गेली की तोंड फिरवायची, आता तुमच्या खांद्यावर झोपते. तिच्या छातीला रोज कान लावते मी. सूं-सूं कमी आहे. माझ्या सगळं ध्यानात होतं. भीतीने बोलत नव्हते."

"पण आज ओढली ना?"

"अर्धी. अर्धी टाकलीत ना? पूर्वी टाकली होती कधी?"

तिने मला सुलटं केलं, पाण्यातून काढलं, पदराने पुसलं आणि माझ्यात चहा ओतला. किती वर्षांनी! चटका बसला, पण तो चहाचा. धम्मपालने मला दोन्ही हातांत धरून भुरका मारला.

तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. "काय गो, आज धनी लवकर? बिडीचं कसं हाय, सोरली का न्हाय?"

धम्मपालने मान खाली घातली. 'सोडली' म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं. पंचशीला चांदणीला कडेवर घेऊन दारात गेली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"सोडतायत, शांतीबाय. सोडतायत!"

'सोडली' नाही, आणि 'बघू'सुद्धा नाही.

आता मी फळीवर नसते, स्टोव्हपाशी असते. चीर तशीच आहे, डागही आहे. वय झालंय, एखाद्या दिवशी मोरीत हातातून निसटेन नि संपेन. पंचशीला रोज माझ्यात चमचाभर दूध ओतते, वास घेते, आधी स्वतः चाखते आणि चांदणीकडे बघून म्हणते, "उद्या." मला राग येत नाही. आईचं काळीज आहे ते.

तुमच्या घरात कोणी काही सोडत असेल तर तो पुरता सुटायची वाट बघू नका. जेवढं सुटलंय तेवढ्याचं नाव घ्या, तोंडाने, मोठ्याने. माझ्यासारखी एखादी बशी असेल तर तिला ढालीसारखी मिरवू नका, लपवूही नका. तिच्यात चहा ओता.

थांबा, स्टोव्ह पेटला. चांदणी रांगत आलीय, माझ्या काठाला बोट लावतेय. पंचशीलाने आज दूध ओतलं, चाखलं, आणि अजून 'उद्या' म्हणाली नाहीये.