राहिलेली उजवी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी जीप. रंग काळा. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्र्यावर घण पडत असताना कुणाच्या काय लक्षात राहणार? माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ब्राह्मणपुरीला, सुकलालभाऊंच्या अंगणात.

मी आले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली. काळी गाडी कुणी आणतं का? सुकलालभाऊ एवढंच म्हणाले, "काळीवर धूळ दिसस. दिसनी म्हंजे पुसनी पडस."

पहिल्या वर्षी त्यांनी मला चमकवायला शेंगदाण्याचं तेल चोळलं. मी अशी झळकले की विचारू नका. मग आम्ही म्हसावदला गेलो. परत येईपर्यंत रस्त्याची सगळी धूळ आणि वाटेत मैदानभर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींचं सगळं तिखट माझ्या अंगाला चिकटलं होतं. भाऊंच्या पत्नी अनुसयाबाई ओट्यावर बसून इतकं हसल्या, की त्यांना शेवटी पाणी द्यावं लागलं. "गाडी लई आनी का तयेल मिरची?" त्या म्हणाल्या. खरंच, तळलेल्या मिरचीसारखीच दिसत होते मी. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी सुमेरमलशेठच्या दुकानातून मेणाचा डबा आणला.

मग वर्षं भराभर गेली. मी मार्केटला मिरचीची पोती नेली, तळोद्याच्या बाजाराला पाहुणे नेले. लग्नसराईत नवरदेव वाकून माझ्या बॉनेटच्या चकाकीत चेहरा बघत आणि फेटा नीट करत. माझं कौतुक म्हणाल तर ते एवढंच. मला ते पुष्कळ होतं. दर माघात, मिरची वाळून उचलली गेली की, भाऊ मला धुवून कडुनिंबाच्या सावलीत उभी करायचे. मऊ फडक्यावर मेण घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, पांढुरकं होऊ द्यायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. पूर्ण दिवस जायचा.

गेल्या कार्तिकात सुकलालभाऊ शेतात पाणी धरायला गेले. बांधावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मी आख्खा हिवाळा पथारीशेजारी उभी राहिले. कुणी चावी लावली नाही. आधी माझं घड्याळ बंद पडलं, मग बॅटरी बसली. मला वाईट वाटलं असं सांगायला हवं, पण खरं सांगते, काहीच वाटलं नाही. अनुसयाबाईंचंही तसंच दिसत होतं. त्या वेळेवर भाकरी करायच्या, वेळेवर अंगण झाडायच्या. दीर धर्मेंद्र विचारायचा, बैल देऊन टाकू का? त्या म्हणायच्या, "करा." शेत मी कसू का? "करा." मला तळोद्याच्या जालमसिंगला द्यायचं ठरलं, तो डोंगरातल्या गावांना जिपा चालवतो, तेव्हाही त्या म्हणाल्या, "करा." पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बोलणं चाललंय, असा त्यांचा आवाज यायचा. एकदा मी गेले, की मागे फिरणं नव्हतं.

"वहिनी, उद्या सकाळी येस तो," धर्मेंद्र म्हणाला. "जराशी चमकाडी ठेवा."

"करस," त्या म्हणाल्या.

पहाटेच त्यांनी बादली घेतली. पहिलं पाणी माझ्यावरून लालसर उतरलं. दाराच्या फटींत, काचेच्या रबरात, सगळीकडे चार महिन्यांचं तिखट बसलं होतं. त्यांनी ते बोटानं उकरलं आणि त्याच हातानं कपाळावरचा केस मागे सारला. डोळ्यांना धारा लागल्या.

धर्मेंद्र दूध घेऊन येत होता. तो जागीच थांबला. कार्तिकापासून त्या रडल्या नव्हत्या आणि घरातलं कुणीतरी रोज त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतं.

"वहिनी, काय व्हयनं?"

"काही नही. मिरची शे."

आणि ती मिरचीच होती. पदरानं डोळे पुसून त्या पुन्हा कामाला लागल्या. धुणं आटोपून त्यांनी मेणाचा डबा उघडला. बॉनेट झालं, टप झाला, डावी बाजू झाली. डाव्या बाजूला त्या स्वतः बसायच्या. मग वळून त्या उजव्या दाराशी आल्या. तिथे काचेच्या खालच्या कडेला वीतभर जागा निस्तेज झालेली आहे. भाऊ गाडी चालवताना कोपर तिथे टेकवायचे. सतरा वर्षांत तिथला रंग विटून गेला. अनुसयाबाईंनी फडक्यावर मेण घेतलं. हात वर नेला. तो तिथेच राहिला.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

जालमसिंग नऊ वाजता आला. धर्मेंद्रनं हात पुढे केला, "वहिनी, चावी द्या."

"नही."

धर्मेंद्रला आधी कळलंच नाही. "काय?"

"आजून अर्धी बाकी शे."

"मंग जालमसिंग पुशी लेई ना. त्याले दोन हात शेतस."

"मी पुसस. मन्हं काम शे."

"कव्हय व्हई?"

"माहित नही."

जालमसिंग माझ्याभोवती फिरला. चमकणाऱ्या बाजूनं गेला, मेण न लावलेल्या बाजूनं आला, उजव्या दारापाशी थांबला. सुकलालभाऊंना तो ओळखत होता. त्यानं दाराला हात लावला नाही.

"बाई, बॅटरी बसली असेल," तो म्हणाला. "उभी ठेवायची तरी बॅटरी पाहिजे. नेऊन चार्ज करून आणू?"

अनुसयाबाई ओट्यावरून उठल्या. "आण," त्या म्हणाल्या. "पन च्या पी ले पहिले."

बॅटरी आली. मी अजून ब्राह्मणपुरीतच आहे. अर्धी चमकते, अर्धी मळकी. येणारे जाणारे हसतात. रोज सकाळी अनुसयाबाई झालेली बाजू पुन्हा पुसतात, आणि उजवीकडे नुसत्या येऊन उभ्या राहतात.

तर मित्रांनो, हिवाळा सरला की आपापल्या गाड्या धुवा, सावलीत उभ्या करून मेण लावा. तेल तेवढं लावू नका. आणि कुणी एखादं काम अर्ध्यावर ठेवून उभं असेल, तर त्याच्या हातातलं फडकं ओढून घेऊ नका. गाडीला घाई नसते.