निजलेल्याकडे बघू नये

जुलैच्या दुपारी आमच्या बेटावरच्या त्रियोले गावाभोवतीच्या उसाला तुरे फुटलेले असतात, आणि त्या रुपेरी तुऱ्यांवरून परावर्तित होऊन घरात शिरणारं ऊन इतकं सौम्य, इतकं निस्तेज असतं की भिंतीवर उजेड पडला आहे की सावली, हेच क्षणभर उमगत नाही. अशा उजेडात मला इंदू दिसते. माझी बायको. निजलेल्या लेकीपाशी ती उकिडवी बसलेली आहे आणि उजव्या हाताच्या तर्जनीची मागची बाजू तिने लेकीच्या नाकाखाली धरली आहे. श्वासाची ऊब बोटाला लागली की तिचे ताठरलेले खांदे सैल व्हायचे, ती उठायची, आणि पाच मिनिटांत पुन्हा तिथेच. तांदूळ निवडता निवडता उठायची, लंगोट पिळता पिळता उठायची. मी हसायचो. ‘अगं, पोरगी आहे ती, उतू जाणारं दूध नव्हे, सारखं सारखं बघायला!’ म्हणायचो. काय अक्कल होती माझी!

मी शाळामास्तर. शनिवारी मंदिरामागच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायचो. पणजोबांनी कोकणातून बोटीत बसताना जी बोली बरोबर आणली ती आमच्या घरात बेटावरच्या क्रेओल भाषेशी संसार थाटून बसली होती, आणि मी मात्र मागवलेल्या पुस्तकांतून जमवलेली जड, अलंकृत भाषा अंगावर घालून फिरायचो. ‘मास्तर, तुमची मराठी इस्त्रीची,’ इंदू म्हणायची, ‘बसायला भ्या वाटतं तिच्यावर.’ तिचं हसणं मोठं नव्हतं. ओठाच्या एका कोपऱ्यातून निघायचं आणि तिथेच विरायचं. आज तिच्याविषयी लिहायला बसलो तर हाताशी हीच इस्त्रीची भाषा आहे, दुसरी कुठून आणू?

एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि लेक सात महिन्यांची झाली होती, तेव्हा माझ्या डोक्यात समुद्रकाठच्या सुट्टीचं खूळ शिरलं. आमच्या बेटावर हंगाम दोन. समुद्राचा हंगाम उन्हाळ्यातला, आणि उसाचा हंगाम हिवाळ्यातला, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, ऊसतोड सुरू झाली की. समुद्र रिकामा असतो तेव्हा आमची माणसं शेतात, आणि आमची माणसं रिकामी होतात तेव्हा समुद्रकाठची घरं पैसेवाल्यांनी भरलेली. त्यामुळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पिढ्या गेल्या, पण आमच्या घरातलं कुणी कधी त्याच्या काठी मुक्कामाला राहिलं नव्हतं. गेलो तर गणपतीच्या विसर्जनाला, आणि ओल्या कपड्यांनी परत. मला नोकरी होती, शाळेला हिवाळी सुट्टी पडायची होती, आणि हिवाळ्यात ती घरं स्वस्तात मिळायची. ठरवलं, जायचं.

अशा घराला आमच्याकडे कांपमां म्हणतात. गुडलँड्स गावाच्या पुढे, बेटाच्या वाऱ्याच्या अंगाला, प्रवाळी दगडाच्या भिंतींचं आणि पाचटाच्या छपराचं एक जुनं कांपमां होतं. इंदूचे वडील त्याचे राखणदार होते. आवारात मागे पत्र्याचं खोपट होतं, इंदूचं बाळपण त्या खोपटात गेलं. मोठ्या घरात झाडू मारायला शिरण्याची मुभा, बसण्याची नाही. पुढे तिचे आईबाप वारले, गोरा मालक घर विकून परदेशी निघून गेला, आणि नवा मालक ते कुणालाही भाड्याने देऊ लागला. मला वाटलं, ज्या दाराबाहेर बापाने जन्म काढला त्या दाराआड लेकीने मालकिणीसारखं निजावं, याहून मोठी भेट ती काय असणार! तिला न विचारता मी आठ दिवसांसाठी घर ठरवून आलो आणि फाटकातूनच ओरडून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इंदू दूध ओतत होती. तिने भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘बरं, जाऊ या,’ एवढंच म्हणाली. आनंदाने तिची बोलती बंद झाली, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

मग यादी सुरू झाली. इंदूला मराठी लिहिता येत नसे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या फ्रेंच अक्षरांत ती आमच्या घरच्या वस्तू लिहायची, आणि ओवा, वावडिंग, गुटीची सहाण यांची ती परदेशी रूपं पाहून मला हसू आवरत नसे. फ्लॅनेलची झबली, थंडीत थिजणाऱ्या खोबरेलाची बाटली, रॉकेलचा स्टोव्ह, वाऱ्यावर लंगोट टिकून राहावेत म्हणून जास्तीचे चिमटे. यादी रोज वाढायची आणि यादीबरोबर इंदू रोज थोडी थोडी घटायची. एरवी कामाच्या नादात गुणगुणणारी बाई, आता तिच्या बांगड्याही वाजेनाशा झाल्या. शेजारणीचं तान्हं रडायला लागलं की हातातलं टाकून ती धावत यायची, पण शेजारणीच्या दाराकडे नव्हे, आमच्या खोलीत, शांत झोपलेल्या आमच्या लेकीकडे. हे असं उलटं का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी भरतीओहोटीच्या वेळा लिहून घेण्यात गर्क होतो.

माझी आई, जिला आम्ही आय म्हणायचो, तिचा या सगळ्यावर राग होता. ‘तोडीच्या दिवसांत दर्यावर कोण जातं? येडे का खुळे?’ हा पहिला राग. दुसरा राग त्या नाकाखालच्या बोटावर. ‘गो इंदू, निजलेल्या लेकराच्या तोंडाकडे टक लावून बघू नये. आयशीचीच नजर आधी लागते. पाठ कर, आणि कामाला लाग.’ हा नियम आमच्यात बोटीबरोबर आलेला. कुळाचं गाव विसरलं, देवीची गाणी अर्धी राहिली, पण निजलेल्या लेकराकडे बघू नये हे कुणी विसरलं नाही. इंदू उठायची. आयच्या तोंडून हे शब्द निघाले की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा मी दुसऱ्या कुणाचाही कधी पाहिला नाही. ओढ्यावरचं पाणी वारा पडल्यावर एकदम गप्प होतं तसा.

निघायला चार दिवस उरले आणि आमचं भांडण झालं. लाकडी पाळणा बरोबर न्यायचा, असं इंदूने काढलं. त्रियोलेहून गुडलँड्स एक बस, तिथून काठापर्यंत दुसरी, कडेवर मूल, डोक्यावर बोचकी, आणि वर तो सागवानी पाळणा! मी भडकलो. ‘तुळईला जुनी साडी बांधली की झाली झोळी! सगळं जग झोळीत वाढलं, तू नाही का वाढलीस? काय नाटकं चालवली आहेत?’ यादीत झोळी तीनदा लिहून तीनदा खोडलेली होती, ती यादीही मी तिच्या तोंडासमोर नाचवली. इंदू भिंतीला टेकून खाली बसली. दुपारचं ऊन तिच्या पावलांपर्यंत आलेलं होतं. मग ती बोलली. घरच्या बोलीत, मधूनच क्रेओलमध्ये, माझ्याकडे न बघता.

ती सहा वर्षांची होती. असाच जुलै, हंगाम नसलेला समुद्र. गोऱ्या मालकाच्या तान्ह्या बाळाला समुद्राची हवा हवी म्हणून त्याचं कुटुंब अवचित राहायला आलं, आणि ते बाळ सांभाळायला इंदूच्या आईला मोठ्या घरात बोलावणं गेलं. खोपटात इंदूचा भाऊ होता, तीन महिन्यांचा, खोकल्याने दमलेला. आईने त्याला झोळीत घातलं, दोरी इंदूच्या हाती दिली आणि जाताना दारातून बजावलं, ‘झोका थांबवू नको. आणि निजला की त्याच्याकडे बघू नको हां, पाठ करून बस.’ ती आज्ञाधारक पोर. झोळीकडे पाठ करून बसली, आणि दोरी ओढत राहिली. मोठ्या घरातलं बाळ सारखं रडत होतं, ते रडणं वाऱ्यावरून येत होतं.

‘त्यांचं रडत होतं नि आमचा गप होता,’ इंदू म्हणाली. ‘मला वाटलं, आमचा शहाणा. मला गर्व आला. मी आणखी हळू, आणखी गोड झोका दिला. सांजेला माझी आय आली तोवर देत होते.’

हातातल्या यादीचं काय करावं, मला कळेना. ‘माझ्या आयने मला कधी बोल लावला नाही,’ ती म्हणाली, ‘पण त्याचं नावही पुन्हा घेतलं नाही. तुम्ही घर ठरवून आलात, तेव्हा वाटलं, त्याने बोलावलं. आता माझी पोर तिथं झोळीत घालू? नि पाठ करून बसू?’

‘नको जायला,’ मी म्हणालो. माझी सगळी अलंकृत भाषा मला त्या वेळी एवढेच दोन शब्द देऊ शकली. पण इंदूने मान हलवली. ‘जायचं. नाही गेले तर मी इथंच, ह्या घरात, जन्मभर तिच्या नाकाला बोट लावत बसेन. पोरीला श्वास घ्यायला भ्या वाटेल माझं.’

आय दाराशी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. कापलेल्या उसाची धूळ तिच्या लुगड्यावर तशीच होती. ती आत आली, गुडघ्यांवर हात टेकत इंदूपाशी बसली, आणि हयातभर ज्या बाईने कुणाची माफी मागितली नव्हती ती म्हणाली, ‘आमीच शिकवलं गो. आमाला पण असंच शिकवलं.’ मग थोड्या वेळाने, ‘तू बघ. पोटभर बघ. नजर लागली तर मी काढीन. मी येते तुमच्यासंगं.’ उसाची तोड आपल्या भावावर, माझ्या मामावर सोपवून, ऐन हंगामात, माझी आय पदरात मीठ-मोहरी बांधून समुद्राकाठी राहायला निघाली. पाळणा घरीच राहिला. तो नको, हे इंदूनेच सांगितलं.

त्या काठावर त्या आठवड्यात आमच्यावाचून कुणी नव्हतं. दूर प्रवाळाच्या बांधावर लाटा फुटत, सुरूच्या झाडांतून वारा अखंड वाहत असे, आणि बंद कांपमांच्या रांगेतली कुठली तरी खिडकी आपटत राही. खोपट पाडलेलं होतं. गवतात सिमेंटची जमीन तेवढी उरली होती, चार माणसं दाटीने निजतील एवढी. इंदू एकटी तिथे गेली. बराच वेळ उभी राहिली. परत आली ती सरळ मोठ्या घराच्या मधल्या खोलीत स्टुलावर चढली आणि तुळईला स्वतःच्या हातांनी साडी बांधली.

पहिल्या दुपारी ती झोळीसमोर बसली, तोंड झोळीकडे करून. लेक गाढ निजली. वारा वाहत होता तोवर इंदू स्थिर असायची. वारा जरा थांबला, भोवती ती निःशब्द पोकळी उघडली, की तिचे डोळे भयाने विस्फारत. त्या पोकळीत कुणी पाचवं आमच्यात येऊन बसतं आहे असं मलाही वाटे, आणि मी मास्तर असूनही भिंतीकडे सरके. आय भिंतीशी बसून नुसतं ‘बघ, बघ’ म्हणायची. दुसरी दुपार तशीच गेली. इंदूने डोळ्यांचं पातं लवू दिलं नाही म्हटलं तरी चालेल. रडली मात्र खूप. आवाज न करता, बघतच.

तिसऱ्या दुपारी तिने दोरी माझ्या हातात दिली. ‘गेत ली,’ ती क्रेओलमध्ये म्हणाली, ‘तिच्याकडे बघा तुम्ही,’ आणि झोळीखालच्या चटईवर आडवी झाली. लेक जन्मल्यापासून दिवसाउजेडी इंदूने डोळा मिटलेला मी पाहिला नव्हता. ती झोपली. मध्ये एकदा वारा पूर्ण थांबला, तरीही झोपून राहिली. वर लेक, खाली तिची आई, दोघींचे श्वास मागेपुढे. आणि मी कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत बसलो, पापणी मिटली तर काही निसटेल अशा धास्तीने. तेव्हा मला कळलं की बघत राहणं हे किती कष्टाचं काम आहे, आणि हे काम माझी बायको सात महिने एकटी करत होती. लाज वाटली. सांजेला लेक रडत उठली, त्या रडण्याने इंदू उठली आणि हसली. या वेळी ते हसू कोपऱ्यात विरलं नाही.

त्यानंतर इंदू आणखी आठ वर्षं होती. आजाराचं नाव सांगून काय होणार? शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा मी हट्टाने तिच्या उशाशी बसलो. आपली पाठ तिच्याकडे व्हायची नाही, एवढंच मनाशी धरलं होतं. दोन दिवस बसलो, जेवण तिथेच, डुलकीही बसल्या जागी. तिसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून सरकत सरकत तिच्या मिटल्या डोळ्यांवर आलं. पडदा ओढायला मी उठलो. पडदा दांडीवर अडकला, तो सोडवायला दोन क्षण लागले असतील. वळलो तेव्हा इंदू गेलेली होती.

लोक माझी समजूत घालतात, काळ जाईल तसं विसराल. काळ कुठे गेला आहे? तो त्या खिडकीशी पडदा हातात घेऊन उभाच आहे. माणूस जातं ते आपली पाठ वळते तेवढ्या वेळात जातं, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य आपण मागे वळून बघत बसतो.