एन्नो आजोबा गाडी राखतात

"आजोबा, खरं सांगा, तुम्ही रोज संध्याकाळी चोरून गाडीत बसून काय करता?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून विचारलं, तेही सहलीवर असताना, ऐन नाश्त्याला, आई-पप्पांसमोर. घरी अंगणात उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरात, आजोबा पट्टा लावून स्टिअरिंगसमोर बसतात, आरसे नीट करतात आणि कुठेही न जाता उतरतात, हे शेजारच्या स्वान्त्येने कुंपणावरून पाहिलं होतं. "तोंडावर विचारलंस तर मानलं तुला!" ती म्हणाली होती. आणि यंदा वर्गप्रतिनिधी झाल्यापासून मी कशाला मागे हटतेय?

आजोबांची लोण्याची सुरी पावावरच थांबली. गरम चहात टाकलेली खडीसाखर तडकली.

"बसतो," ते म्हणाले. "इंजिन लावत नाही."

"म्हणजे दुसरी किल्ली तुमच्याकडेच आहे, बाबा?" पप्पा म्हणाले. "अहो, मी सगळं घर पालथं घातलं!"

आजोबांनी खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि पप्पांच्या ताटलीशेजारी ठेवली. मला वाटलं होतं, सगळे हसतील. मलासुद्धा हसू आलं नाही.

एन्नो आजोबांनी सारी हयात मासळीचा ट्रक चालवला, आमच्या उत्तर समुद्राकाठून पार आल्प्सपर्यंत. हल्ली त्यांना कमी दिसायला लागलं होतं, हे खरंच. गेल्या हिवाळ्यात पप्पांनी रोज जेवताना थोडं थोडं बोलून त्यांना लायसन्स परत करायला लावलं. आमच्याकडे म्हाताऱ्यांनी आपणहून लायसन्स दिलं की नगरपालिका वर्षभराचा बसचा पास देते, फुलं देते, फोटो काढते. त्या फोटोत आजोबा सोडून सगळे हसताहेत. मी तर दात काढून! मग त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं मोटरहोमही पप्पांच्या नावावर झालं. "आपण सगळे मिळून फिरू की, बाबा!"

फिरतोय आम्ही. पप्पा चालवतात, आई शेजारी नकाशा बघते, आणि आजोबा मागच्या बाकावर गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसतात. रस्ता त्यांना नेहमी मागे गेलेलाच दिसतो.

"चला, रेगेन्सबुर्ग बघून येऊ," त्या सकाळी नाश्ता आवरल्यावर आई म्हणाली.

"तुम्ही जा. मी गाडी राखतो," आजोबा म्हणाले. वुर्झबुर्गला हेच म्हणाले होते, न्युर्नबेर्गलाही. कोणी आग्रह केला नाही. खरं सांगू? ते फार हळू चालतात, त्यामुळे मला बरंच वाटायचं.

दगडी पुलाखालून डॅन्यूब नदी भलती जोरात धावत होती. पप्पांनी सॉसेज घेतली. तेवढ्यात स्वान्त्येचा मेसेज आला. "विचारलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाला म्हातारा? सांग ना!!!"

फोन खिशात टाकला. "पोटात कसंतरी होतंय, मी पुढे जाते," म्हणून सटकले आणि जवळजवळ पळतच मोटरहोमच्या तळावर आले.

तिथे एक तरुण भाड्याच्या मोटरहोमसकट दोन गाड्यांच्या मधे अडकला होता. घामाघूम झालेला. आजोबा मागे उभं राहून त्याला हातवारे करत होते.

"काका, माझ्याच्याने नाही व्हायचं," तो खाली उतरला. "तुम्हीच बसा ना. एका झटक्यात काढाल."

आजोबांचा हात दाराच्या मुठीवर गेला. तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"माझ्याकडे लायसन्स नाही."

"घरी राहिलं का? अहो, कोण बघतंय!"

"राहिलं नाही. परत दिलं मी."

"अच्छा, अच्छा. मग राहू द्या, काका." तो घाईघाईने पलीकडच्या गाडीकडे दुसरं कोणी मिळतंय का बघायला गेला. आजोबा तिथेच उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. मग मी दिसले.

"पूल पाहिलास, पोरी?"

"पाहिला."

"कसा आहे?"

"तुम्ही नाही पाहिला? तुम्ही तर इथे कितीदा आलाय!"

"गोदामाच्या मागच्या दारापर्यंत. माल उतरवायचा की परत फिरायचं. ट्रक घेऊन पुलावर थोडंच जाता येतं?" ते हसले. "म्हणायचो, एकदा सावकाश बघू."

सकाळसाठी माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "चहा करू?"

"कर."

दुपारी आई-पप्पा परतले. पप्पांनी टेबलावर नकाशा पसरला. "उद्या सकाळीच पासाऊला निघू, म्हणजे—"

"उद्या निघायचं नाही," मी उभी राहिले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "उद्या मी आजोबांना पूल दाखवायला नेतेय. त्यांच्या चालीने. अख्खा दिवस गेला तरी चालेल. तुम्ही दोघं इथे थांबा, पप्पा. गाडी राखा."