बसलेली माणसं न दिसणारी पेटी

नासलेल्या दुधाचा वास एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो. साबण लावा, लिंबू चोळा, जात नाही. हल्ली मी रोज तो वास घेऊन घरी जाते आणि नवरा दारातच म्हणतो, "आली आमची डेअरी!" त्याला हसू येतं. मला शिसारी येते, आणि ती दुधाची नाही, माझ्या सख्ख्या भावाची.

मी हॉस्पिटलातली मशीनं भरते. नाणं टाका, बटण दाबा, गार बाटली धपकन खाली पडते, ती मशीनं. जवळजवळ सगळ्यांत सरबताचे डबे असतात. दुधाचं मशीन एकच, लहान मुलांच्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या हॉलमध्ये. हे काम पूर्वी दादा करायचा आणि मला त्यानंच शिकवलं. मागची जाळी ब्रशनं झाडायची, दाराचं रबर पुसायचं, आणि दुधाची बाटली हाताला कोमट लागली तर मागचापुढचा विचार न करता ओतून द्यायची. आता तो वीजबचतीचा साहेब झालाय. साहेब झाला आणि सगळं विसरला, असं म्हणायचीही सोय नाही. विसरला असता तर मी सोडून दिलं असतं.

त्यानं सगळ्या मशीनांवर एकेक पेटी बसवली. पेटीला डोळा असतो. समोर बराच वेळ काही हललं नाही की ती मशीनला झोपवते: दिवा बंद, थंडावा बंद. कुणी आलं की पुन्हा चालू. सरबताला हे झकास आहे, मी कशाला खोटं बोलू? सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मशीननं उगाच घरघरत कशाला राहायचं? पण मुलांच्या हॉलमध्ये माणसं फिरत नाहीत, बसतात. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर नुकतंच झोपलेलं असतं, ते उठू नये म्हणून आई मानसुद्धा हलवत नाही. हॉल खच्चून भरलेला, आणि पेटीला वाटतं इथे चिटपाखरूही नाही. मशीन खुशाल झोपतं आणि आत दूध फाटतं.

मी दादाच्या खोलीत जाऊन त्याला हे सांगितलं.

"चिमे, अगं तेच मशीन सगळ्यांत जास्त वीज वाचवतंय!" तो म्हणाला.

"झोपून असतं म्हणून वाचवतंय. पेटी काढ त्याची. सरबताची राहू देत सगळी."

"वीजबचत बघायला वरून पाहुणे येतायत, ते येऊन जाऊ देत, मग काढतो. हॉस्पिटलच्या सगळ्या शाखांत आपला विजेचा आकडा सगळ्यांत खाली आलाय. माझी बढती आहे त्यात. कळतंय का तुला?"

"आणि ते पोरांच्या पोटात गेलं म्हणजे?"

"तू आहेस ना लक्ष ठेवायला," असं म्हणून तो मोबाइल बघायला लागला. वर करंगळीनं कान कोरत होता. मला त्या करंगळीचीसुद्धा किळस आली.

मग मी लक्ष ठेवलं. येता-जाता बाटल्या चाचपायच्या, कोमट लागल्या की मोरीत रिकाम्या करायच्या. गुठळ्या जाळीवर अडकतात, त्या बोटानं ढकलाव्या लागतात. दूध भरणंच बंद करते म्हटलं, तर दादा खेकसला, "रिकामं मशीन पाहुण्यांना दाखवू?"

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी गेले, तर मशीनला नवीन कुलूप. किल्ली दादाच्या खिशात, आणि आत आदल्या दिवशीचं दूध तसंच. मी काचेवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, 'दूध घेऊ नका', आणि दादाला शोधायला गेले. तो कुठेच सापडला नाही. परत आले तर कागद गायब. माझा भाऊ तिथे उभा होता, कडक इस्त्रीत, आणि समोरून पाहुण्यांचा घोळका येत होता.

घोळका जवळ येताच मशीन जागं झालं. दिवा लागला, पंखा घरघरला, काचेवर थंडाव्याचा आकडा झळकला. आकडा आतल्या हवेचा असतो हो, दुधाचा नाही! दादानं सगळं समजावून सांगितलं. पाहुण्यांमधल्या चष्मेवाल्या बाई मुख्य असाव्यात. त्यांनी काचेतून वाकून पाहिलं आणि विचारलं, "पण दुधाला चालतं का हे?"

"चालतं म्हणजे काय, मॅडम! मी रोज पितो," दादा म्हणाला.

मला वाटलं, आता तोंडावर पडेल. पण त्यानं नाणं टाकलं, बाटली घेतली, झाकण उघडलं. वास त्याच्यापर्यंत पोचला, मला दिसलं. नाकपुड्या आकसल्या, क्षणभर हात थांबला. आणि मग तो ते प्यायला. घटाघट नाही, कारण ते घटाघट उतरण्यासारखं नव्हतंच. दोनदा अडकलं, दोनदा त्यानं ढकललं. डोळ्यांत पाणी आलं तरी हसला.

"एकदम गार!" तो म्हणाला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथवर ठीक होतं. स्वतःच्या पोटाचं वाटोळं करायचा ज्याला त्याला हक्क आहे. पण बाकावरून एक बाई उठली. कडेवर किडकिडीत मुलगी, ओठ सुकलेले, सकाळपासून काहीच पोटात ठरत नव्हतं तिच्या. साहेबाला पिताना बघून पोरीनं बोट दाखवलं होतं. आई मशीनपाशी आली आणि नाणं शोधायला लागली.

मी दादाकडे पाहिलं. आता तरी काही बोलेल, बंद पडलंय म्हणेल, काहीही थाप मारेल. थापा मारण्यात तो लहानपणापासून पटाईत. पण तो बाजूला सरला आणि हात पुढे करून म्हणाला, "या ना, या."

ते 'या ना' ऐकून मला जी किळस आली, तशी मोरीतल्या गुठळ्यांची कधी आली नाही.

बाटली पडली. पोरीनं दोन्ही हात पुढे केले. मी घोळक्यातून घुसले, आईच्या हातातून बाटली हिसकावली, झाकण काढलं आणि तिथेच, सगळ्यांच्या चकचकीत बुटांसमोर, उपडी केली. आधी पिवळं पाणी आलं, मग गुठळ्या, एकेक, पचपच करत. वास पसरला. चष्मेवाल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, मागे कुणाला तरी उमासा आला. आईनं पोरीचं तोंड खांद्यात दडवलं आणि ती दादाकडे बघतच राहिली.

"कोण आहेत या?" चष्मेवाल्या बाईंनी रुमालातून विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा, आमच्या आईचा.

"मशीन भरणारी बाई आहे," तो म्हणाला.

त्याच्या मिशीत एक पांढरी गुठळी अडकली होती आणि तो बोलताना ती हलत होती. सगळे तिच्याकडेच बघत होते, त्याला तेवढं कळत नव्हतं. बहीण असते तर हळूच खूण केली असती, पूस म्हणून. मी फडकं घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागले.