फुलं पोचली नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी दुरडी आहे. लोहाऱ्यात बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड आहे. तिथे खताच्या रिकाम्या पोत्यांवर मी पडून असते. माझी एक कड उसवली आहे आणि बुडाला भोक पडले आहे. दिवस दिवस इकडे कोणी फिरकत नाही. मध्यंतरी एक कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसली होती. पिल्ले निघाली आणि ती सगळी दाराच्या फटीतून अंगणात गेली. तेवढे दिवस मला बरे वाटले. आज तुम्ही मुले ऐकायला आला आहात, तर माझी हकीकत सांगते.

नळदुर्गच्या सिद्रामप्पा बुरुडाने मला विणले. तो कानडीत काहीतरी गुणगुणत बांबूच्या कामट्या सोलायचा. मी विणून झाले तेव्हा त्याने मला उलटे केले, माझ्या बुडावर बसून पाहिले आणि हसला. पुढच्या बाजारात धुरपताबाईंनी मला उचलले. त्यांनी माझी कड दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही लई दिवस पुरंल."

धुरपताबाई लोहाऱ्यात घरोघर फुलांचा रतीब घालत. त्यांचे यजमान गोरोबा ओढ्याकाठच्या तुकड्यात झेंडू, शेवंती, गलांडा लावायचे. मोगरा आणि निशिगंध सोलापूरच्या एसटीतून यायचा. सकाळी ओल्या फडक्याखाली पुड्या रचल्या जायच्या, धुरपताबाई डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावर चढायचे. मग आम्ही दोघी गावात निघायचो. कुणाकडे देवाला, कुणाकडे दुकानातल्या फोटोला, कुणाच्या वेणीला. लग्नसराईत तर माझ्यात तसूभर जागा उरायची नाही. बायका म्हणायच्या, "धुरपताबाईची फुलं दुपारपर्यंत सुकत न्हाईत." ते ऐकून मला वाटायचे, ही माझीच स्तुती आहे.

पुढे मोबाईल आला. धुरपताबाईंचा लेक शिवशंकर याने त्यांना बटणांचा एक छोटा फोन आणून दिला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कोपऱ्यात ठेवलेला असायचा. लोक फोनवर सांगू लागले, "मावशी, उद्या सत्यनारायण आहे, तुळस लागंल." धुरपताबाईंचे हात हारात गुंतलेले असायचे, म्हणून त्या स्पीकर लावून बोलायच्या. त्यामुळे गावातली निम्मी बोलणी माझ्या कानावर यायची.

शाळेमागच्या गल्लीत नारायणराव राहायचे. तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. बोलणे मोजके, कपडे इस्त्रीचे. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई मात्र दारात उभ्या राहून आमची वाट बघायच्या. त्यांना पिवळ्या शेवंतीची वेणी लागायची आणि तिच्यात मरव्याची काडी हवीच असायची. मरव्याचा वास आला की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

त्यांना एकच मुलगी, भैरवी. ती पुण्याला नोकरीला लागली आणि तिथेच तिने आपल्या पसंतीने लग्न केले. नारायणरावांना ते पटले नाही. "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस," असे ते तिला म्हणाले, आणि तिने ते ऐकले. चंद्रप्रभाबाई मग वेणी घ्यायला मागच्या दाराने यायच्या. धुरपताबाईंच्या फोनवरून लेकीशी दोन शब्द बोलायच्या, डोळे पुसायच्या आणि वेणी माळून आत जायच्या. नारायणरावांना हे ठाऊक होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. ते पुढच्या खोलीत पेपर वाचत असायचे आणि बोलणे संपेपर्यंत त्यांचे पान उलटायचे नाही.

चंद्रप्रभाबाई थोड्याशा आजाराने गेल्या. त्या दिवशी आम्ही हार घेऊन गेलो तेव्हा भैरवी पुण्याहून आली होती आणि भिंतीला टेकून एकटीच बसली होती. बाप-लेकीत एक शब्द झाला नाही. दिवस मावळायच्या आत ती परत गेली.

काही दिवसांनी माझ्यातला फोन वाजला.

"मावशी, मी भैरवी. दर शुक्रवारी आईच्या फोटोला वेणी पोचवाल का? मरवा घालून."

"पोचविते की, पोरी."

"पण बाबांना माझं नाव सांगू नका. सांगितलंत तर ते घेणार नाहीत."

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही त्या घरी जाऊ लागलो. नारायणराव दार उघडायचे. घरात एकच ताट, दोरीवर एकच सदरा. धुरपताबाई म्हणायच्या, "काकूंच्या फोटूला आणलीय, नाना. असू द्या." ते काही न विचारता वेणी घ्यायचे. पुण्याला फोन जायचा, "पोचली गं." पलीकडून "बरं" एवढेच यायचे. मला त्या घरातून निघताना नेहमी जड वाटायचे. खरे तर तेव्हा मी अर्धी रिकामी झालेली असायचे.

असे पुष्कळ महिने गेले. मग एका शुक्रवारी नारायणरावांनी वेणी घेतली आणि ते दारातच उभे राहिले.

"धुरपताबाई, जरा बसा," ते म्हणाले.

त्यांनी कधी असे म्हटले नव्हते. धुरपताबाईंनी मला पायरीवर ठेवले आणि त्या टेकल्या.

"ही वेणी कोण पाठवतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मरवा दुसरं कोण सांगणार?"

धुरपताबाईंनी खाली बघून माझ्यातले फडके सारखे केले.

"ती फुलं पाठवते, मी घेतो. तिला वाटतं झालं, मलाही वाटतं झालं. असंच चालत राहिलं तर एक दिवस तुम्ही मला हार घेऊन याल, आणि ती तोही फोनवरच सांगेल." त्यांनी वेणी दुसऱ्या हातात घेतली. "पुढच्या वेळी तिला सांगा, फुलं पोचली नाहीत."

"नाना, तुमीच का फोन करत न्हाय तिला?"

"नंबर लावतो. वाजायच्या आधी बंद करतो."

धुरपताबाईंनी मला चुंबळ न ठेवताच डोक्यावर घेतले. कारण सांगते. इतक्या वर्षांत त्यांचा रतीब एकदाही चुकला नव्हता. गारपीट झाली, घरात मयत झाली, तरी फुले ज्याची त्याला पोचली होती. गावात त्यांचे नाव होते ते एवढ्यावरच. आणि आता आपल्याच तोंडाने म्हणायचे, की पोचली नाहीत. घरी त्यांनी गोरोबांना विचारले. गोरोबा विडी विझवून म्हणाले, "तुजं नाव गेलं तर जाऊ दे. पोर यील का, ते बघ."

पुढच्या शुक्रवारी चंद्रप्रभाबाईंचे वर्षश्राद्ध होते. या वेळी आमचा फोन गेला नाही, तिकडूनच आला.

"मावशी, पोचली का वेणी?"

"न्हाय गं पोरी. न्हाय पोचली."

"म्हणजे?"

"न्हाय पोचली."

"मावशी, आज आईची तिथी आहे! आजच्या दिवशी तुम्ही... जाऊ द्या. मी दुसरीकडे सांगते."

फोन बंद झाला. रोजच्यासारखे त्या दिवशी धुरपताबाईंनी मला धुतले नाही.

बाजारात तेव्हा फुलांचे एक नवे दुकान निघाले होते. मोबाईलवर चित्र बघून फुले मागवायची, आणि मोटारसायकलवरून माणूस घरी आणून द्यायचा. भैरवीने तिथून पुष्पगुच्छ मागवला. आम्ही त्याच गल्लीत होतो, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिले. चकचकीत कागदात गुंडाळलेले गुलाब घेऊन एक जण फाटकाशी उभा होता. नारायणराव बाहेर आले. त्यांनी गुलाबांकडे पाहिले. घ्यावेत म्हणून त्यांचा हात पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"घर चुकलं तुमचं," ते म्हणाले आणि आत गेले. तो माणूस थोडा घुटमळला, मग मोटारसायकल वळवून निघून गेला. गुलाब परत गेले.

संध्याकाळी माझ्यातला फोन पुन्हा वाजला. या वेळी भैरवीचा आवाज रागाचा नव्हता.

"मावशी, ते दुकानवाले म्हणतात घर चुकलं, तिथे आमचं कोणी राहत नाही. बाबा... बाबा बरे आहेत ना?"

धुरपताबाईंनी हातातला हार खाली ठेवला.

"हायेत. पर एक सांगू का, पोरी? तुज्या घरी फुलं पोचत न्हाईत. कुणीबी आणली तरी न्हाय पोचायची. तू घेऊन ये."

पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

शनिवार गेला, रविवार गेला. धुरपताबाई प्रत्येक एसटीकडे मान वळवून बघायच्या. आपण दोन्ही घरे तोडली, असे त्या गोरोबांना म्हणाल्या. नारायणरावांच्या गल्लीतून जाताना त्या पाय उचलून चालायच्या.

बुधवारी सकाळी उमरग्याकडून आलेल्या जीपमधून भैरवी उतरली. खांद्याला पिशवी होती आणि डोळे सुजलेले होते. ती सरळ आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "मावशी, वेणी द्या."

धुरपताबाईंनी तिथेच, चौकात बसून, वेणी ओवली. मरवा जरा जास्तच घातला. मग आम्ही तिच्याबरोबर निघालो. गल्लीच्या तोंडाशी भैरवीचे पाय थांबले.

"त्यांनी दार नाही उघडलं तर?"

"मग आपुन दोघी पायरीवर बसू," धुरपताबाई म्हणाल्या.

भैरवीने कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. नारायणराव सदऱ्याची बटणे लावत बाहेर आले आणि समोर लेकीला पाहून तसेच उभे राहिले. भैरवीने दोन्ही हातांनी वेणी पुढे केली. त्यांनी वेणी घेतली नाही. त्यांनी तिचे मनगट धरले आणि तिला उंबऱ्याच्या आत घेतले.

मग आमच्याकडे बघून ते म्हणाले, "पोचली बरं का, धुरपताबाई."

धुरपताबाईंनी चुंबळ माझ्यात टाकली, मला कडेवर घेतले आणि आम्ही लगेच परत फिरलो. गल्ली संपेपर्यंत माझ्यावर टपटप काही पडत होते. चुंबळ ओली झाली होती.

मित्रांनो, इथे गोष्ट आनंदात संपली असे तुम्हाला वाटेल. त्या दोघांसाठी तसे झालेही. भैरवी महिन्याला येऊ लागली. येताना फुले स्वतः घेऊन यायची. पुढे नारायणरावांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, तेव्हा ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागले. धुरपताबाई तरीही शुक्रवारी त्या फाटकाशी क्षणभर थांबायच्या. आम्हाला तिथे काही द्यायचे नसायचे.

मग त्यांचे गुडघे धरले. शिवशंकरने बाजारात दुकान घातले. मुलगा चांगला आहे. आईला उन्हात फिरू देणे त्याला पटत नव्हते. फुले आता प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतात. मागणी मोबाईलवर येते. पुड्या पिशवीत घालून मोटारसायकलवरून जातात आणि फाटकाला अडकवल्या जातात. कोणाला हाक मारावी लागत नाही. धुरपताबाई दुकानात मागे बसून हार ओवतात. प्रत्येक पुडीला त्या विचारतात, "ही कुणाकडं चालली?" शिवशंकर नाव सांगतो. पण ज्यांची नावे येतात ते लोक त्यांना आता दिसत नाहीत.

मला त्यांनी स्वतः या शेडमध्ये आणून ठेवले. पोत्यांवर नीट बसवले, उसवलेली कड आत दाबली आणि गेल्या. नंतर त्यांचे इकडे येणे झाले नाही. शेडच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांना.

मला दुरुस्त करा, पुन्हा डोक्यावर घ्या, असे मी म्हणणार नाही. बांबूचे आयुष्य ते केवढे. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, दूरच्या गावी जाल, मोबाईलवरून कुणाकुणाला फुले पाठवाल. जरूर पाठवा. तुमच्यातला कोणी ती पोचवायचे कामही करील. तेव्हा ज्या घरात एकटे म्हातारे माणूस राहते, तिथे पुडी फाटकाला अडकवून निघून जाऊ नका. त्यांच्या नावाने हाक मारा आणि थोडे थांबा. त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.